धानाच्या गावातले सुकाणी

आमच्या काकाजींना एखादं काम सांगितलं, की ते आधी आपलं सांगणं जसंच्या तसं परत म्हणत. "काकाजी, बैल सोडा." "बैल सोडा." मग ते उठत, बैल सोडत आणि परत येऊन सांगत, "बैल सुटले." मी त्या घरात नवी सून म्हणून आले तेव्हा पहिले दोन दिवस मला वाटलं, हे माझी नक्कल करतात. तिसऱ्या दिवशी भीतभीत म्हटलं, "काकाजी, जेवायला चला." "जेवायला चला," असं उत्तर आलं आणि मी हिरमुसून चुलीपाशी जाऊन बसले. थोड्या वेळानं दारातून खणखणीत आवाज आला, "जेवायला आलो!" आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पदर तोंडाशी धरून हसत होत्या. "मनावर घेऊ नको बाई," त्या म्हणाल्या, "त्याले जहाजाची सवय आहे."

काकाजी माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. मामाजींचं घर तिरोड्यापासून दोन कोसांवर, धानाच्या बांध्यांनी वेढलेलं. समुद्र तिथून इतका लांब, की गावातल्या निम्म्या लोकांना तो आहे यावरच विश्वास नव्हता. सोळाव्या वर्षी काकाजींना मीठ आणायला गोंदियाला पाठवलं होतं. त्यांनी स्टेशनवर कलकत्त्याची गाडी उभी पाहिली आणि चढले. मीठ घरी पोचलं नाही. पुढे अठ्ठावीस वर्षं ते जहाजांवर होते. आधी खलाशी, नंतर चाक धरणारे सुकाणी. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षी एक पत्र्याची पेटी घेऊन ते परत आले, आणि पाच वर्षांनी मी त्या घरात गेले तेव्हा सारं गाव त्यांना सुकाणी म्हणूनच हाक मारत होतं.

हुकूम परत का म्हणायचा, हे मी धीर करून एकदा विचारलं. ते म्हणाले, "सूनबाई, साहेब वर उभा, चाक माझ्या हाती. तो डावं म्हणते अन् मी उजवं ऐकतो, मग? म्हणून तो बोलला ते आपण बोलायचं, केलं की सांगायचं. दोघायच्या मधात शंका नाही राहिली पाहिजे." मला ते इतकं पटलं, की आठ दिवसांत मीही तसंच बोलायला लागले. आत्याबाई म्हणत, "भात उतरव." मी म्हणे, "भात उतरव." आमचे हे तेव्हा गोंदियाला एका राईस मिलमध्ये नोकरीला होते, शनिवारी घरी येत. एका शनिवारी त्यांनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "एक होता, आता दोन झाले!"

काकाजींची चाल पाहण्यासारखी होती. गल्लीतून झपझप येत, पण घर अजून चाळीस पावलांवर असतानाच एकदम मंद होत आणि दारापाशी अगदी टेकल्यासारखे थांबत. "मोठं जहाज बंद केलं म्हणून थांबत नाही," ते सांगत. "इंजिन बंद करून बी कोसभर जाते. कुठी थांबायचं ते आधीच ठरवा लागते." भरल्या गाड्यांच्या बाबतीत तर ते फारच कडक. आमचा गाडीवान बैल वळवायला लागला, की हे मागे जाऊन उभे राहत. "पुढचं तुले दिसून राहिलं गा. मागचं पाह्य! वळताना तोंड जिकडे जाते त्याच्या उलट अंगाले शेपूट फेकल्या जाते." गाडीवान म्हणे, "सुकाणीभाऊ, ही बैलगाडी आहे." "मग काय झालं? शेपूट तर आहे ना!" आणि एकदा खरंच तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, भारा मागे इतका लांब बाहेर आला होता, की वळणावर त्यानं पाटलाच्या कुंपणाची चार हात काटी ओढून नेली. त्या दिवशी काकाजी दुपारभर खुशीत होते.

घरातल्या भांडणांवरही त्यांच्याकडे जहाजाचाच उपाय असे. एकदा सकाळी चुलीपाशी आत्याबाईंचं आणि माझं वाजलं. कशावरून, ते आता आठवत नाही, बहुतेक तिखटावरून. काकाजींनी आम्हा दोघींना तलावावर नेलं. पोरांकडून दोन काठवटी मागून घेतल्या, पाण्यात शेजारी शेजारी सोडल्या आणि काठीनं जोरात ढकलल्या. दोन्ही थोड्या पुढे गेल्या आणि एकमेकींवर खटकन आपटल्या. "पाह्यलं? एकमेकींकडे कोणी ढकललं नाही, तरी लागल्या. दोन मोठी जहाजं जवळून अन् जोरात गेली की मधलं पाणी त्यायले ओढून घेते. दोघी बी मोठ्या आहा. जवळून जायचं असन तर हळू जा." आत्याबाई म्हणाल्या, "मले जहाज म्हणते मेला," पण परत येताना रस्ताभर आम्ही दोघी हसत होतो.

मामाजींना मात्र यातलं काही रुचत नसे. ते कष्टाळू, कमी बोलणारे. धाकटा भाऊ पळाल्यावर सगळी शेती एकट्यानं ओढली होती. काकाजी जहाजाची गोष्ट सांगायला लागले, की मामाजी उठून बांधीवर जात. एकदाच मी त्यांना तोंडावर बोलताना ऐकलं. काकाजी कुठल्याशा वादळाचं सांगत होते. मामाजी दारातूनच म्हणाले, "सगळ्यायची जहाजं वाचवली तू. बाप गेला तवा कुठी होता?" काकाजी हळूच म्हणाले, "पत्र उशिरा भेटलं, दादा." मामाजींनी पुढे काही विचारलं नाही. गावात मात्र कुजबुज होती, की सुकाणी म्हणजे नुसत्या थापा. जहाजावर हा भांडी घासत असेल.

माझ्या दुसऱ्या दिवाळीला मी माहेरी निघाले. माझं माहेर वैनगंगेच्या पलीकडे. मामाजींना पलीकडच्या बाजारात एक गोऱ्हा विकायचा होता, म्हणून तेच मला सोडायला आले. काकाजी घाटापर्यंत पोचवायला आले. त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि वरच्या अंगाला पडून गेल्यामुळे नदी फुगलेली होती. घाटावर जोडनाव होती: दोन डोंगे शेजारी बांधून वर बांबूंची ताटी घातलेली. ती चालवणारा दसरू ढीवर, म्हणजे आमच्याकडचा कोळी, हुशार माणूस, नदीवरच वाढलेला. काकाजी काठावर बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "दादा, आज नको. उद्या जा."

"हे तुझं जहाज नाही," मामाजी म्हणाले आणि गोऱ्ह्याला घेऊन नावेवर चढले. मी त्यांच्या मागे चढले. दसरूनं नाव सोडली, तेवढ्यात काकाजीही धोतर खोचून शेवटच्या क्षणी चढले. आम्ही सगळे मिळून बारा-तेरा जण होतो. त्यांत एक नवराबायको नवं जातं घेऊन निघाले होते.

मधोमध गेल्यावर दसरूच्या माणसांचे बांबू तळाला लागेनात. वल्ही घेतली, तर त्यातलं एक मोडलं. नाव आडवी झाली आणि पाण्याबरोबर वाहायला लागली. दसरू मागचं सुकाणू जिवाच्या आकांतानं इकडून तिकडे फिरवत होता. नाव ढिम्म वळत नव्हती. खाली दोन हाकांच्या अंतरावर नदीत काळे खडक होते, त्यांच्यावर पाणी फुटून पांढरं झालेलं मला दिसत होतं. बाया रडायला लागल्या. गोऱ्हा दाव्याला हिसके देत होता.

काकाजी उठले. आवाज चढला नव्हता. "दसरू, थांब. ते आता नुसतं लाकूड आहे."

"काऊन गा?"

"आपण पाण्याच्याच चालीनं जाऊन राहिलो. सुकाणूवरून पाणी वाहिलं तरच ते काम करते. नावेले पाण्यापेक्षा हळू करा लागते."

"वल्हं मोडलं, हळू कशी करू?"

"वजन टाकून. तळाले घासत जाईन असं. तुझा बांधायचा दगड आण. अन् ते जातं आण."

जातंवाली बाई जात्याला मिठी मारून बसली. "जातं कायले? माझ्या लेकीच्या आंदणाचं आहे!" काकाजींनी तिला हात जोडले. "बाई, बुडवत नाही, फक्त ओढत नेतो. परत देतो." नवऱ्यानंच जातं सोडवून घेतलं. नाव बांधायचा मोठा दगड आणि जात्याच्या दोन्ही तळ्या एकाच दोराला बांधल्या. दोर नावेच्या तोंडाशी खुंटाला दोन वेढे देऊन मामाजींच्या हातात आला, कारण तिथं तेच उभे होते.

"दादा, हळू सोडा," काकाजी म्हणाले.

मामाजींनी एकवार भावाकडे पाहिलं. मग म्हणाले, "हळू सोडा." आणि थोड्या वेळानं, "सोडला."

दोर ताणला. नाव हादरली आणि तिचं तोंड आपोआप वरच्या अंगाला, पाण्याच्या समोर वळलं. खालून घासल्याचे झटके लागत होते. आम्ही अजूनही खाली सरकत होतो, पण आता हळू; आणि पाणी दोन्ही डोंग्यांच्या बाजूनं सळसळत मागे जायला लागलं. "आता वळव," काकाजी दसरूला म्हणाले. "तोंड पलीकडच्या काठाकडे, पण थोडंच. जास्त वळवलं तर आडवी होईन."

"थोडंच वळव," दसरू म्हणाला. त्यालाही कोणी शिकवलं नव्हतं. पण त्या वेळी सगळेच तसं बोलत होते. आणि सुकाणू लागलं! नाव तिरपी होऊन काठाकडे सरकायला लागली, जणू पाणीच तिला खांद्यानं ढकलत होतं. खडकांच्या वरच्या अंगाला, गोफणीच्या टप्प्यावर, आम्ही काठाच्या गवताला लागलो. मामाजी खुंटाला वेढे देऊन दोर धरून होते. काकाजींनी "बांधा" म्हणेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. त्यांचे तळवे सोलून निघाले होते.

पहिलं काम काकाजींनी काय केलं असेल, तर जातं वर ओढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि त्या बाईपुढे ठेवलं. "जातं दिलं," ते म्हणाले. वरच्या तळीचा एक टवका उडाला होता. बाई म्हणाली, "राहू द्या भाऊ, दळण तर होईन." मग काकाजी एकदम खाली बसले. माझ्याकडे पाहून हसले. "नावेवर नाही ना बसलो असा? झालं तर मग."

त्यानंतर गावात कुणी थापा म्हणालं नाही. दसरू दर आठवड्याला मासळी घेऊन येई आणि ओसरीवर बसून काकाजींकडून शिकून जाई: वारा आडवा असला की काय, उथळ पाण्यात नाव जड का होते, काठाच्या फार जवळून का जाऊ नये. मामाजी आता उठून जात नसत. पाठ करून बसत, पण बसत.

पुढे काकाजींना मोतीबिंदू झाला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, उशीर झाला. दोन वर्षांत नजर जवळजवळ गेली, तरी थट्टा गेली नाही. म्हणत, "धुकं पडलं आहे, भोंगा वाजवत चालतो," आणि खरंच घरात तोंडानं भोंगा वाजवत फिरत. एके दिवशी धानाची मळणी आटोपल्यावर मामाजी आपणहून म्हणाले, "चाल. तुझं जहाज दाखव." दोघं म्हातारे गोंदियाहून कलकत्त्याच्या गाडीत बसले आणि नवव्या दिवशी परतले.

आल्यावर कधी नव्हे ते मामाजीच बोलत सुटले. हुगळीच्या काठावर दोघं बसले होते आणि एक जहाज काठाला लागत होतं. "आपल्या तलावाच्या पाळीएवढं लांब, नुसतं लोखंड! याले तर काही दिसेना. मले म्हणे, दादा, तू सांग. मी सांगून राहिलो. हा विचारे, कोणतं अंग काठाकडे आहे? मी म्हटलं, डावं. हा विचारे, मागे पाण्याले फेस आला का? मी म्हटलं, आला. तर म्हणे, त्यायनं मागचं पाण्यातलं चाक उलटं फिरवलं, आता शेपूट काठाकडे सरकते पाह्य. अन् सरकलं गा! एवढा मोठा डोंगर, आंधळ्यानं सांगितलं तसा सरकला!" ही गोष्ट त्यांनी ओसरीवर, बांधीवर, राईस मिलवर, भेटेल त्याला सांगितली. काकाजी शेजारी बसून ऐकत आणि मधूनच "बरोबर" म्हणत.

पुढच्या चैत्रात काकाजी गेले. दोन दिवसांचा ताप, फार त्रास झाला नाही. दसरू आणि घाटावरचे सगळे ढीवर आले होते. खांदा द्यायला त्यांनी कुणाला जागाच ठेवली नाही.

तेराव्याची माणसं पांगल्यावर मी ओसरी झाडत होते. मामाजी खांबाला टेकून बसले होते. एकदम म्हणाले, "सूनबाई, बाप गेला त्याचं पत्र मी चार महिन्यांनी टाकलं होतं. रागानं. कलकत्त्याले नदीवर बसलो तवा त्याले सांगितलं."

माझ्या हातातला झाडू थांबला. "काय म्हणाले काकाजी?"

"म्हणे, माहीत आहे. पत्रावरचा तारखेचा शिक्का मी तवाच पाह्यला होता. मी म्हटलं, मग इतकी वर्षं मले बोलला काऊन नाही? सगळ्यायसमोर मी तुले बोललो, तरी नाही?" मामाजींनी दुपट्ट्यानं डोळे पुसले. "तर म्हणे, दादा, मी घरी आलो त्या दिवशी तू वहिनीले सांगून माझं ताट तुझ्या शेजारी मांडलं. मग बोलायचं कायले?"