दम्याची मुळी

काष्टीजवळच्या माळावर आम्ही औषधी वनस्पतींची नोंद करत होतो. आमच्या प्रकल्पाचा फलक तिथल्या कुठल्याही झाडापेक्षा उंच होता. एक म्हातारा मेंढपाळ बायकोच्या दम्यासाठी कसलीशी मुळी खणत होता. मी नाव विचारताच त्यानं ती धोतराच्या सोग्यात लपवली.

"सांगितलं की औशिदाचा गुन जातो, सायेब. तिला बरी हुऊ द्या."

आम्ही हसलो.

पुढच्या वर्षी तो आपणहून आला. समोर उकिडवा बसून त्यानं मुळी माझ्या हातावर ठेवली.

"म्हातारी पोळ्याला गेली. घ्या लिहून. आता गुन जाऊन कुनाचं बिघडनार हाय?"

त्यानं नाव सांगितलं. साधी भुईरिंगणी होती, आमच्या यादीत पहिल्याच पानावर असलेली. मी कोरं पान काढलं आणि प्रथमच ऐकल्यासारखं नाव लिहून घेतलं. पेन थांबेपर्यंत तो वहीकडे बघत राहिला.