बिरूसाठी नाकारलेलं पुस्तक

बिरूच्या बायकोचा, कमलवहिनींचा फोन आला तेव्हा मी सांगलीत पुस्तकाच्या दुकानात उभा होतो. हातात एक नवीकोरी विज्ञान कादंबरी होती आणि ही बिरूला चालेल की नाही, याचा मनाशी हिशेब चालला होता. "भावजी, ह्ये गेलं..." एवढंच त्या बोलल्या. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. पुस्तक मात्र घेतलं. घरी येऊन बायकोला बातमी सांगायच्या आधी ते कपाटातल्या बिरूच्या खणात ठेवलं. त्याच्यासाठी काढून ठेवलेल्या पुस्तकांचा तो वेगळा खण. आता दीड महिना होत आला, तरी त्या कपाटाजवळून जाताना मागून कुणीतरी "काय आणलंस रं?" म्हणतं. भास आहे, कळतं मला. तीस वर्षं पोरांना भौतिकशास्त्र शिकवलंय मी. पण मान वळतेच, त्याला काय करू?

बिरू आणि मी आटपाडीच्या शाळेत एका बाकावर होतो. त्याच्या घरी मेंढरं. दिवाळी सरली की वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळं बिऱ्हाड, घाटाकडे निघायचा, आणि हा चार-पाच महिने शाळेतून गायब. परत आला की माझ्या वह्या उतरवून घ्यायचा आणि परीक्षेत माझ्याहून दोन मार्क जास्त काढायचा, लेकाचा. पुढे तो फौजेत गेला, सिग्नलमध्ये. वीस वर्षं कानाला वायरलेस लावून कुठल्या कुठल्या बर्फात बसला. तिथे करमणुकीला म्हणून कुणीतरी दिलेली एक विज्ञानकथा वाचली आणि त्याला ते वेड लागलं ते लागलंच. रिटायर होऊन आला, डाळिंबं लावली, आणि गावच्या वाचनालयाच्या पुस्तक निवड समितीत जाऊन बसला.

वाचनालयाची पद्धत अशी, की वर्षातून एकदा पुस्तकविक्रेता एक मोठा गठ्ठा पसंतीला ठेवून जातो. आवडतील ती ठेवायची, उरलेली परत. बाकीची मंडळी ऐतिहासिक कादंबऱ्यांवर तुटून पडत. विज्ञानाचा ढीग बिरूच्या गळ्यात, आणि त्याच्यामुळे माझ्या. मी एसटीने आटपाडीला जायचो, त्याच्या पुढच्या खोलीत घोंगडं अंथरून आम्ही बसायचो, आणि भांडण सुरू. मला वाटायचं, जुनी गाजलेली पुस्तकं आधी घ्यावीत. हा ऐकायला तयार नाही. "आवं मास्तर, जुन्यात माणूस चंद्रावर पोचला की पुस्तक संपतंय," तो म्हणायचा. चिडवायचं असलं की मला मास्तर म्हणायचा. "आता फुडचं पायजे. तितं गेल्यावर पानी कुनाच्या वाट्याला येणार, ते सांगणारं आण. आटपाडीतल्या माणसाला दुसरं काय कळायचंय?" एक जाडजूड कादंबरी त्याने परत पाठवली, कारण काय, तर चारशे पानांत एकदाही कुणी जेवलं नाही. "उपाशी माणसं एवढी बडबड करत न्हाईत गड्या!"

आमचा एक नियम होता. एखादं पुस्तक नाकारायचं, तर शेवटचं प्रकरण वाचल्याशिवाय नाकारायचं नाही. आणि एकाला हवं, दुसऱ्याला नको असं झालं, तर नको म्हणणाऱ्याने ते शेवटचं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवायचं. वाचता वाचता निम्म्या वेळा मीच विरघळायचो. बिरूने केला होता हा नियम. त्याचं म्हणणं, वायरलेसवर अर्धा निरोप ऐकून सेट बंद करणाऱ्याला शिक्षा होते, मग इथे का नको?

यंदाचा गठ्ठा आला आणि पाठोपाठ त्याचं दुखणं. सांगलीच्या दवाखान्यात त्याला ठेवलं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं. बिरूला सांगितलं नव्हतं... म्हणजे आम्ही तसं धरून चाललो होतो. मी रोज संध्याकाळी जायचो. तिसऱ्या का चौथ्या दिवशी त्याने उशाखालून निळ्या कव्हरचं एक पुस्तक काढलं. "गठ्ठ्यातलं हाय. नव्या पोरीनं लिवलंय. तू वाचून दाखव मला." मी म्हटलं, आधी बघतो, आणि घरी घेऊन आलो. मागचं कव्हर वाचलं. गुरूच्या एका चंद्रावर एक बाई एकटी, वायरलेस सांभाळते आहे, आणि तिला परत आणता येणार नाही. एवढं वाचून मी ते बाजूला ठेवलं. या माणसाला हे वाचून दाखवू? माझं काय डोकं फिरलंय?

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक परत त्याच्या हातात दिलं. "काही दम नाही रे. परत पाठव."

"शेवट वाचलास?"

"वाचला."

पन्नास वर्षांच्या दोस्तीत मी त्याच्याशी पुस्तकाबाबत पहिल्यांदा खोटं बोललो. नियमाप्रमाणे तो मला ते मोठ्याने वाचायला लावू शकला असता. नुसतं "बरं" म्हणाला, आणि पुस्तक उशाखाली सरकवलं. मी पिशवीतून दुसरं काढलं, स्वयंपाक बिघडवणाऱ्या एका यंत्राची गमतीदार गोष्ट. तो दोनदा हसला. माझ्यासाठी हसला, हे मला तेव्हाही कळलं होतं. पुढचे आठ दिवस आम्ही डाळिंबाचा बहर, म्हसवडची यात्रा, पाऊस, क्रिकेट, असलं काय काय बोललो. निळ्या पुस्तकाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. मग त्याला घरी नेलं, आणि पुढचा निरोप आला तो दुकानात.

गेल्या आठवड्यात मी आटपाडीला गेलो. गठ्ठा परत करायचा राहिला होता, आणि समितीने ते काम माझ्यावर टाकलं. वहिनींनी पुस्तकं दोरीने बांधून ठेवली होती. निळं त्यात नव्हतं. ते त्याच्या कॉटवर होतं.

"ह्ये नका नेऊ परत," वहिनी म्हणाल्या. "त्येंनी दोनदा वाचलंय ते."

"दवाखान्यात?"

"न्हाई वं. दवाखान्यात जायच्या आदीच. त्येंना समदं म्हाईत हुतं, भावजी. मला म्हणलं, ह्ये मास्तरला वाचाया लावतो. वाचता वाचता त्येचं तोंड उघडंल, म्हंजी मला बी बोलता यील."

मी ते पुस्तक उचललं. खाली बसलो आणि तिथेच, भरदुपारी, शेवटचं प्रकरण उघडलं. वहिनी म्हणाल्या, "मोठ्यानं वाचा." मी मोठ्याने वाचलं. पृथ्वीवरून सगळे त्या बाईशी बोलतात, तिला बरं वाटावं म्हणून. हवा कशी आहे, बागेत काय फुललं, सामना कोण जिंकलं. तीही हसून उत्तरं देते. शेवटी धाकटी बहीण सेटवर येते आणि म्हणते, "ताई, तू येणार नाहीस, मला माहीत आहे. मी इथे बसलेय. बोल." त्यापुढे आठ पानं ती बाई नुसती बोलते. भीती वाटते ते बोलते, राहून गेलेलं बोलते, कुणाकुणाचा राग येतो तेही बोलते. चौथ्या पानापर्यंत कसंबसं मोठ्याने वाचलं. पुढचं मनात वाचलं.

वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. "त्येंच्या बी पोटात असंल की एवढं," त्या म्हणाल्या. "मला न्हाई सांगितलं. मी रडंन म्हणून. तुमच्यासाठी ठेवलं हुतं."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. डोळे पुसून त्या चहा टाकायला आत गेल्या. खोलीत मी आणि ती कॉट. बिरू काय बोलला असता? कशाची भीती वाटत होती त्याला? माझा राग आला होता का? आता कुणाला विचारू? बिरूच्या आठ पानांतलं एक अक्षर मला कधी कळणार नाही, आणि मी हे जन्मभर घेऊन फिरणार आहे.

"बोल, बिरू," मी म्हणालो. चांगलं मोठ्याने म्हणालो. आत स्टोव्हचा आवाज थांबला, वहिनींनी ऐकलं असणार. पण त्या बाहेर आल्या नाहीत, आणि मी कान देऊन तसाच बसून राहिलो.