पायातला काळा दोरा

वेखंडाचा वास आला की चौथीतली ती दुपार आठवते. आम्ही दोघी जुळ्या, दिसायला अगदी सारख्या. जन्मताना एकीचं वजन जेमतेम दीड किलो भरलं, म्हणून ओळखायला तिच्या पायात काळा दोरा बांधला. ती मी. "वजनात कमी, तर डोक्यातबी कमीच," असं घरात सगळेच म्हणायचे. त्या दुपारी गुरुजी स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी नाव विचारायला घरी आले आणि वडिलांनी फक्त बहिणीचं सांगितलं. आम्हाला तान्हेपणी न्हाऊ घालणारी म्हातारी तेव्हा बाळंतपणाला आलेल्या आत्याच्या बाळासाठी वेखंड उगाळत बसली होती. ती सहज म्हणाली, "दोरा पयल्याच आंघोळीत सुटला हुता की. हाताला लागली तिच्या पायात बांधला मी." चहा गाळता गाळता आई थांबली. बहिणीनं माझ्या पायाकडं बघितलं. "आता काय त्याचं," वडील म्हणाले, "लिवा तुम्ही, गुरुजी." त्यांनी लिहिलं. मला रडूही आलं नाही. मी कपबश्या विसळायला घेतल्या. बहीण आज कॉलेजात शिकवते. तिच्या तान्ह्या मुलीला न्हाऊ घालायला मीच जाते. पहिल्या दिवशी तिनं एवढंच सांगितलं, "हिला दोरा नको बांधूस."