उशीमामांची परवानगी

उशीमामांनी मान हलवल्याशिवाय आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सुरी चालत नसे. हुद्दा परिचराचा, शिक्षण आठवी. पण पेशंटला टेबलावर कसं झोपवायचं, यात ते कोणाच्या बापाचं ऐकत नसत. कोपराखाली उशी, टाचेखाली उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. सगळ्या स्वतः शिवलेल्या. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं.

नव्या डॉक्टरला ते आधी त्याच टेबलावर आडवं करत. "या साहेब, झोपा. दुसऱ्याला झोपवायचंय ना?" मीही ऐटीत झोपलो. माझा हात त्यांनी मुद्दाम टेबलाच्या कडेवर ठेवला. अर्ध्या तासानं उठलो, बाहेर येऊन कप उचलला आणि सगळा चहा स्वतःच्या पँटवर ओतला. बोटं माझीच, पण ऐकेनात. मामा म्हणाले, "तुम्हाला मुंग्या आल्या, तुम्ही बोंबललात. भूल दिलेला माणूस बोंबलत नाही. त्याच्या वतीनं आपण बोंबलायचं."

एवढ्यानं मी शहाणा झालो असतो तर काय हवं होतं!

एके सकाळी मूत्रपिंडाचं मोठं ऑपरेशन होतं. पेशंट कसबा पेठेतले तांबट, तांब्याची भांडी घडवणारे, पोट हातोडीवर. मामा शेजारच्या थिएटरमध्ये अडकलेले, म्हणून भूल दिल्यावर तांबटांना कुशीवर वळवलं मी, आणि रुबाबात सांगितलं, "सर, तयार!" सर म्हणजे आमचे मोठे सर्जन, त्यांना पेशंटपेक्षा घड्याळ प्रिय. तेवढ्यात मामा आले, चादर उचलून वाकून बघितलं. छातीखालची उशी मी विसरलो होतो. अख्ख्या देहाचा भार खालच्या खांद्यावर.

"चार तास असं ठेवलं तर हा हात पुन्हा हातोडी धरायचा नाही," मामा म्हणाले.

"मामा, बाजूला व्हा. उशीर होतोय."

"होऊ द्या, सर."

"नोकरी नकोय का तुम्हाला?"

"ती उद्या घालवा. आज आधी याला उचलू."

सर आणि टेबल यांच्या मध्ये ते उभेच राहिले. शेवटी उचललं, उशी घातली. चूक माझी होती, हे तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी मास्कमागे तोंड लपवून अत्यंत कर्तव्यदक्षपणे छताकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी मामांची बदली धुलाईघरात झाली. पुढे तांबट तपासणीला आले, तेव्हा त्यांनी कृतज्ञतेनं माझा हात असा दाबला की माझीच बोटं कळवळली. तिथून थेट धुलाईघर गाठलं, माफी मागितली. मामा चादरीची घडी घालत राहिले. "माफी राहू द्या. वर आता बोंबलतंय कोण?"

त्यानंतर थिएटरच्या धुतलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यात रोज सकाळी एक नवी उशी येऊ लागली. चिठ्ठी नाही, निरोप नाही. फक्त उशी.

अशाच एका सकाळी सरांनी हात पुढे केला, "चला, सुरी."

"थांबा, सर. छातीखालची उशी राहिलीय."

सर म्हणाले, "तुलाही धुलाईघरात जायचंय वाटतं?"

"चालेल, सर. पुढच्या महिन्यात तिथं जागा होतेय. मामा निवृत्त होताहेत."

मी गठ्ठ्याकडे वळणार होतो. पण सिस्टरांनी गठ्ठ्यातली उशी काढून केव्हाच माझ्या हातात दिली होती.