हवालदारांचा भोंगा

बबन हवालदार कुणालाही काही सांगत, तेव्हा ते लगेच परत म्हणायला लावत. आई डोक्यावर हंडा घेऊन त्यांच्या दारावरून चाललेली असायची.

"उद्या नळाला पाणी नाही. बोल परत."

"उद्या नळाला पानी न्हाई."

"पानी काय पानी! फौजेत असतीस तर पहिल्याच दिवशी घरी पाठवली असती."

आई चार पावलं पुढे जाऊन पुटपुटायची, "मग बरंच की. घरीच चाललीय मी."

ते माझ्या वडिलांपेक्षा मोठे आहेत आणि अजून हयात आहेत, त्यामुळे असं लिहावं का, ते मला नीट कळत नाही. त्यांच्याविषयी आदराने लिहायचं ठरवून मी दोनदा बसले. आदर काही सापडला नाही.

सैन्याच्या संदेश विभागात ते तंत्रज्ञ होते. बर्फात तारा ओढायच्या, बिघडलेले वायरलेस सेट उघडून दुरुस्त करायचे, इकडचे निरोप तिकडे पोचवायचे, असं त्यांचं काम. "मी सेट उघडला की मेजरसुद्धा बाजूला उभा राहायचा," असं ते सांगत. काम त्यांनी चांगलं केलं असेल, ते मी नाकारत नाही. पण बहुतेक निरोप सांकेतिक असत. आपण काय पोचवतोय हे त्यांनाही माहीत नसे. नोकरीभर त्यांच्या हातून बोलणं गेलं ते दुसऱ्यांचं.

निवृत्त होऊन ते रिह्याच्या खोऱ्यात आमच्या गावी आले आणि त्यांनी घराच्या छपरावर भोंगे बसवले. मशीन स्वतः जोडलं होतं. आवाज असा, की डोंगराच्या सोंडेवर आमचा धनगरवाडा आहे, तिथे चुलीपाशी बसून ऐकू यावा. सुरुवातीला सगळ्यांना बरं वाटलं. रेशन आलं, लसीकरण आहे, पौडची एसटी आज येणार नाही, हे घरबसल्या कळायचं. मग एका सकाळी भोंगा म्हणाला, "ज्यांची शेरडं शाळेच्या कुंपणात शिरली, त्या कुटुंबाने लाज बाळगावी. नोंद घ्यावी." नंतर कुणाची सून माहेरी निघून गेली, कुणाचा मुलगा पिऊन बांधावर पडला, त्याचीही नोंद घ्यावी लागली. जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं पोचवलेल्या माणसाला स्वतःचं बोलायला मिळालं, आणि बोलण्यासारखं त्याला सापडलं ते हे.

माझा बारावीचा निकालही त्या भोंग्यानेच दिला. वाडीवर रेंज नाही आणि गावात कॉम्प्युटर त्यांच्याकडेच, म्हणून सगळ्यांचे बैठक क्रमांक त्यांच्याकडे दिलेले होते. मुलांना ते आधी बोलावून सांगतील असं मला वाटलं होतं. त्यांनी एकेकाचं नाव आणि क्रमांक थेट पुकारला. माझ्या नावापुढे म्हणाले, "नापास."

आमच्या घरात एक गोष्ट ठरलेली होती. पास झाले तर कॉलेज, नाहीतर मामाने आणलेलं स्थळ. मामाने खालच्या वाडीवरून भोंगा ऐकला आणि रविवारी सुपारी फोडायला येतो असा निरोप धाडला. मी पौडला जाऊन मैत्रिणीच्या मोबाईलवर निकाल पाहिला. मी पास होते. हवालदारांनी भोंग्यावर वाचलेल्या माझ्या क्रमांकातला एक आकडा चुकीचा होता.

वडिलांना वाचता येत नाही, तरी त्यांनी माझ्यावर लगेच विश्वास ठेवला. अडचण गावाची होती. सगळ्या खोऱ्याने नापास ऐकलेलं. आता पास झाली म्हणून स्थळ परतवलं, तर माझ्या वडिलांनी, धोंडिबाने, लबाडी केली असं मामासकट सगळे म्हणाले असते. म्हणून आम्ही दोघं हवालदारांकडे गेलो.

"हवालदारसाहेब, पोरगी पास हाय. येवढं येकदा भोंग्यावर सांगा."

"निकाल कॉम्प्युटरने दिला, धोंडिबा. मशीनशी भांडतोस का?"

मी हॉलतिकीट पुढे केलं. "काका, हा आकडा बघा ना."

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. चूक त्यांना दिसली, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. कागद घडी करून त्यांनी मला परत दिला.

"गेलेला निरोप गेला. माझ्या भोंग्यावरून चुकीचं गेलं, असं मीच सांगू? उद्या माझं ऐकेल कोण?"

"पन रईवारी सुपारी हाय वो पोरीची!"

"मग वाईट काय? शिकून कलेक्टर होणार आहे? शेवटी शेरडंच राखायची. आणि आवाज खाली. हे घर आहे, रान नाही."

"व्हय," वडील म्हणाले. "हे रान न्हाई."

चढण चढून आम्ही सोंडेवर आलो. तिथे थांबून त्यांनी दोन्ही हात तोंडापाशी धरले आणि हाळी दिली. शेरडू चुकलं किंवा वाघरू दिसलं, की आमची माणसं या डोंगरावरून त्या डोंगराला अशी हाळी देतात.

"आरं आयकाऽऽ! माजी पोरगी पास हायेऽऽ! भोंगा चुकलाऽऽ!"

समोरच्या वाडीवरून उत्तर आलं, "कुनाची रंऽऽ?"

"माजीऽऽ! धोंडिबाची सोनीऽऽ! कालिजात चाललीयऽऽ!"

"पेढं कवाऽऽ?"

खाली हापशावरच्या बाया मान वर करून बघायला लागल्या. आता वडिलांना मागे फिरता येणार नव्हतं, आणि मामालाही काही बोलता येणार नव्हतं.

तेवढ्यात हवालदार अंगणात आले. हातात माइक होता. त्यांनी वर आमच्याकडे पाहिलं. भोंगा खरखरला, आणि बाया हापसायच्या थांबल्या. खरं सांगते, मीही कान देऊन थांबले. ते आता सांगतील असं मला मनापासून वाटलं. 'सोनी पास आहे', तीनच शब्द होते. भोंग्यातून त्यांचा श्वास ऐकू आला, एकदा, दोनदा. मग त्यांनी खटका बंद केला. खटक्याचा तो आवाज मात्र खोरंभर स्वच्छ पोचला.