अक्कांचा पाडवा

अक्का गिऱ्हाइकाला कधी नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. "नागपूर, भात वाढू?" "लातूर, आधी हात धुऊन ये." मी त्यांचा नागपूर. बेंगळुरूच्या शिवाजीनगरात त्यांची लहानशी खानावळ आहे. नोकरीसाठी इथं येऊन पडलेली आमच्यासारखी एकटी माणसं तिथं दोन्ही वेळा जेवतात. गल्ल्यावर त्यांचे यजमान अण्णा बसायचे, आत अक्का आणि मंजू नावाचा आचारी. घराणं तीन-चार पिढ्यांपासून इथलंच, त्यामुळे दोघांच्या मराठीत कन्नड चांगलंच मुरलेलं.

सणावारी खानावळ उघडी ठेवावी की बंद, यावरून या नवराबायकोचं कधी पटलं नाही. अण्णा म्हणायचे, "सण आपल्या घरी. ज्याचं घर इथं नाही, त्यानं काय वारा खायचा?" गणपती असो, दसरा असो, खानावळ चालूच. अक्का कुरकुरत, पण पुरण घालत. एका दिवसापुरत्या मात्र त्या हटून बसत. दिवाळीचा पाडवा. त्या दिवशी बायकोनं नवऱ्याला ओवाळायचं, आणि ते घरी, सकाळी, तेल-उटणं लावून न्हाऊ घातल्यावर. "वर्षभर ह्यांना मी घामानं थबथबलेलेच बघते. एक दिवस माझा," असं त्या आमच्यादेखत सांगत. अण्णा मान खाली घालून कन्नडमध्ये "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत, आणि पाडव्याला शटर खाली.

एका वर्षी मी वाद घातला. आमच्या नागपुरी जिभेला हाड नसतंच. म्हटलं, "अक्का, तुमचं ओवाळणं होतं, पण आम्ही उपाशी मरतो त्याचं काय?"

"कोण मेलं आजवर? दाखव," त्या म्हणाल्या. मग जवळ येऊन बसल्या. "हे बघ, मंजूची दोन पोरं गावाकडं बापाची वाट बघतात. त्यांनी सणाला बाप कधी बघायचा? बंद ठेवणं पाप नाही. पण बंद ठेवायचं तर आधी दुसऱ्याच्या पोटाची सोय करायची, मग कुलूप लावायचं." आणि खरंच, आदल्या संध्याकाळी प्रत्येकाच्या हातात दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पडायची. दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. मी वादात हरलो आणि दशम्या मुकाट्यानं खाल्ल्या.

मागच्या श्रावणात अण्णा गेले. सकाळी दूध आणायला म्हणून उठले आणि दारातच बसले, तेवढंच. तेराव्यानंतर अक्का परत चुलीपुढं उभ्या राहिल्या. गल्ल्यावर लातूर आणि मी आळीपाळीनं बसू लागलो. भाजीत मीठ कधी जास्त, कधी कमी पडे. कुणी तक्रार केली नाही.

दिवाळी आली. पाडव्याला आम्हाला सुट्टी होती. यंदा दशम्या मिळाल्या नव्हत्या, तरी खानावळ बंदच असणार हे धरून मी चाललो होतो, सहज त्या गल्लीतून, तर शटर वर. आत पाच-सहाजण जेवत होते. मंजू दिसला नाही. अक्का एकट्याच वाढत होत्या. वरण, भात, वांग्याची भाजी, बस.

"मंजू?"

"त्याला गावी धाडलं. त्याच्याकडं सण आहे."

मला राग आला. कुणाचा, ते मला आजही सांगता येणार नाही. मी म्हटलं, "अक्का, आजचा दिवस तरी स्वस्थ बसायचं. आजच्या दिवसासाठी तुम्ही अण्णांशी जन्मभर भांडलात."

त्यांनी माझ्यापुढं ताट मांडलं. भाताची मूद घातली, वरून वरण ओतलं.

"घरात वर्षभर सण नाही रे," त्या म्हणाल्या. "ओवाळायचं ताट घेऊन कुणापुढं उभी राहू? भांडून भांडून एक दिवस मिळवला होता. आता सगळेच दिवस माझे झालेत. काय करू मी त्यांचं, तूच सांग?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायलाही सुचलं नाही. अक्कांनी पदरानं कपाळ पुसलं आणि दारात घुटमळणाऱ्या एका अनोळखी माणसाकडं वळून विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"