पातळ थरात अडकलेले चुंबकत्व

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस माझी मोठी बहीण नाशिकच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होती. तिच्या पीएच.डी.चे शेवटचे मोजमाप अतिवाहक, म्हणजे खूप थंड केल्यावर विजेला अजिबात न अडवणाऱ्या, पदार्थाच्या एका पातळ थरावर अवलंबून होते. दुसरा थर मिळणार नव्हता. तो गोठवायला द्रव नायट्रोजन गुरांच्या कृत्रिम रेतन केंद्रातून कॅनमध्ये आणला होता. आकडे मी लिहून घेत होतो.

थर आधी थंड करायचा, चुंबक नंतर जवळ आणायचे, असा क्रम होता. तसे केले की थर चुंबकत्व बाहेर रोखतो. नायट्रोजन ओतला, तरी थरामागचे चुंबकत्व दाखवणाऱ्या मीटरचा काटा शून्यावर नव्हता.

"मामा, चुंबक कुठंय?" तिने प्रयोगशाळेच्या शिपायाला विचारले.

"टेबलावर लोळत होतं ताई, थराच्या स्टँडला लावून टाकलं. तुमचंच काम वाचवलं."

त्यांनी ते घाईने काढले. काटा थोडा उतरून थांबला.

"आता तर काढलं की!"

"थंड होताना चुंबकत्व आत अडकलंय, मामा. थर तापल्याशिवाय सुटणार नाही."

तापू दिला तर ऑगस्टच्या दमट हवेत त्यावर दव धरणार होते, आणि पाण्याने तो खराब होतो. आहे तोच आकडा लिहू, असे मी सुचवले. तिने ऐकले नाही.

नायट्रोजन उडाला. थरावर थेंब जमले. काटा शून्यावर आला. तिने थर वाळवला, उरलेला नायट्रोजन ओतला आणि मग चुंबक हळूहळू जवळ नेले. काटा चुंबकाबरोबर चढत गेला. थर काहीच रोखत नव्हता.

"आता बरोबर चाललंय ना, ताई?" मामांनी विचारले.